ट्रेलरच्या चाकांची हवा

बर्ड्सव्हिल, १२ जुलै

लाडके बाबा,

चढले वाळूची टेकडी! मुख्याध्यापकबाईंनी दिलेली आलिशान जीप आणि मागे जोडलेला कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे माझं घर आणि शाळा, दोन्ही सुखरूप आहेत. मी पोचले नसते तर टेकडीपलीकडची सहा मुलं यंदाही शिक्षकाविना राहिली असती.

पहिल्यांदा मात्र अर्ध्यावरच रुतले. टेकडीवरून इथला एक गुराखी, क्लेम, ओरडला, "मास्तरीणबाई, पुस्तकात बघा की उपाय!"

तेव्हा आठवलं. चाकं मऊ झाली की वाळूत रुतत नाहीत, म्हणून जीपच्या चाकांतली हवा कमी केली होती, ट्रेलरच्या विसरले होते. तीही थोडी सोडली आणि एका दमात माथ्यावर!

क्लेमने टोपी काढली. "हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"आमच्या बाबांच्या ट्रकमध्ये."

गुडघा कसा आहे? आईला सांगा, मी पोटभर जेवते.

तुमचीच विद्यार्थिनी,
मेरिन