सभापती मागच्या खोलीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी प्रार्थना अर्धवट सोडून मी मासा बादलीत धरला. देव माफ करील. मासा करील असं वाटत नाही.

डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात मुलगी किंचाळली — "बाबा, सभापती उलटे झाले!" सभापती म्हणजे आमचा गोल्डफिश. दिवसभर तोंड उघडतो, मिटतो, ऐकत कुणी नाही — म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हे नाव ठेवलं. पाहतो तर स्वारी पोट वर करून तरंगतेय! पोट टम्म. कल्ले तेवढे हलताहेत.

बायकोला घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मोबाईलवरचा फोटो पाहिला नि विचारलं, "काका, खायला कोण घालतं?" म्हटलं, मी. रोज सकाळी. बायको म्हणाली, "अहो, दुपारी मी घालते की! मला वाटलं तुम्ही विसरता." मुलीला फोन लावला. ती संध्याकाळी घालते. तिला वाटायचं, आम्ही दोघंही विसरतो!

दुकानदाराला हसू आवरेना. "काका, पोट गच्च झालंय त्याचं. दुसरं काही नाही."

उपाय असा — वेगळा टब, भरून ठेवलेलं शिळं पाणी, त्यात थोडं खडेमीठ, अन्न बंद. जागा शांत हवी. "पण सरळ पोहायला लागला की लगेच परत सोडा हं. फार दिवस एकटा ठेवला तर मासा खचतो."

घरात शांत जागा एकच. मागची खोली. तिथं अण्णा असतात.

४ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांच्या खाटेशेजारी स्टुलावर टब ठेवला. पावसाळ्यात त्यांना दम लागायचा. धूळ-गोंगाटापासून लांब ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून त्यांची खाट इथंच आहे.

"याला काय झालं रे?"

"अति खाल्लं, अण्णा."

"मग नाव बरोबर ठेवलं मी."

माशासाठी देवाकडे मागणं मागावं का, याचा विचार करत बसलो. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, देवाला छोट्या कामांचा त्रास देऊ नये. पण मासा त्यानंच केला. पोटही त्यानंच दिलं. मागितलं शेवटी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टबातलं पाणी बदलायला गेलो नि दारातच थांबलो. आत अण्णा माशाशी बोलत होते — "उपाशी ठेवलंय होय तुला? अरे, मला महिनोन् महिने अळणी घालतात. तुझ्या पाण्यात निदान मीठ तरी आहे!"

मासा अजून तिरकाच. पण तोंड त्यांच्याकडे करून होता. खरंच.

८ फेब्रुवारी, रविवार

सभापती सरळ झाले! दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे मटारचा दाणा उकडून, साल काढून, कुस्करून घातला. दुपारी टबात लांबलचक दोरा! मुलगी टाळ्या वाजवतेय, बायको म्हणते "सुटला बाई एकदाचा!" शेजारीणसुद्धा पाहायला आली. कुणाच्या पोट साफ होण्याचा एवढा आनंद या घरात आजवर झाला नव्हता.

त्या लहानशा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. अण्णा उठून बसले, एकेकाकडे पाहत म्हणाले, "अरे वा. मासा आजारी पडावा लागतो होय."

सगळे हसले. मीही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मासा परत पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत सोडायला टब उचलला.

"सुटला का हा?" अण्णांनी विचारलं.

"हो, बरा झाला ना."

"माझाही दम कधीचाच थांबलाय रे." थट्टेतच म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून पडले.

मी टब घेऊन दारात उभा. निम्मं पाणी पायांवर सांडलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रार्थनेत मन लागलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला विचारलं, "दुपारी अण्णांजवळ कोण बसतं गं?" म्हणाली, "लेक बसते ना, कॉलेजातून आली की." लेक म्हणाली, "मी कुठं? जेवण झालं की तुम्ही जाता ना, बाबा?" मी जातो — औषधाची गोळी देतो नि येतो. मला वाटायचं, बायको बसते.

टाकीत सभापती तोंड उघडमीट करत होते.

डॉक्टरांना फोन केला. "अहो, मी पंधरवड्यापुरतं म्हटलं होतं! अजून तिथंच आहेत ते?"

बायको म्हणाली, "आणायला हवंच त्यांना. पण पुढच्या खोलीत सोफा आहे. खाट मांडली तर पाहुण्यांनी बसायचं कुठं?" म्हटलं, आपल्याकडे पाहुणे येतात कधी? "हो, तेही खरंच," म्हणाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोफा मागच्या खोलीत ढकलला. अण्णांची खाट टाकीशेजारी लावली.

टीव्ही लावला, तर अण्णांनी हात वर केला — "आवाज कमी कर. सभापती बोलताहेत."