पिल्लू उडेपर्यंत

अड्याळ, ता. पवनी
४ फेब्रुवारी २०२५

चि. रिता,
अनेक आशीर्वाद. इकडे लाखोरीला शेंगा धरल्या. गाय व्याली, कालवड झाली. तू कोकणात खाडीकाठी समुद्री गरुडाचं घरटं राखतेस, हे शेजारच्या कुंताबाईला अजून पटत नाही. "पाखरं त हाकलतेत ना वं? राखते कोन?" म्हणते. मी काय सांगू!

पिल्लू आता फांदीवर चालतं, मासा स्वतः फाडून खातं, असं तू रविवारी फोनवर सांगितलंस. बरं वाटलं.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. फोन वाजतो तेव्हा तुझे बाबा शेजारीच असतात. हो, शेजारीच. "वावरात गेलेत" असं मी दोन महिने खोटं सांगत आले. तुला वाटतं, "घारी राखाले शिकवलं का तुले?" म्हणून भांडले, तेव्हापासून त्यांनी अबोला धरलाय. तसं नाही बाई. धानाच्या चुरण्याच्या दिवशी ते खळ्यावरच कोसळले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. भंडाऱ्याला आठ दिवस दवाखान्यात होते.

तिथेच मी तुला फोन लावायला घेतला, तर डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "जागल... मंधात... सोडत नाई." रात्र रात्र जागल करून जन्मभर डुकरांपासून धान राखलेला माणूस. पीक घरी येईपर्यंत माचाणावरून उतरायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. पिल्लू उडेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली मला. तुझा फोन ठेवला की दर वेळी एकच विचारतात, "उडलं?" मी नाही म्हटलं की डोळे मिटून पडून राहतात.

रिता, मी थकले गं. परवा त्यांना उठवून बसवताना दोघंही पडलो. कुंताबाई येईपर्यंत तसेच जमिनीवर. त्यांना हसू येत होतं आणि मला रडू. रागही येतो, त्या पाखराचा, त्यांचा, तुझाही. म्हणून आज शपथ मोडते आहे.

तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसव आणि ये. आल्या आल्या दारातूनच सांग, "बाबा, उडलं." उडालेलं नसलं तरी सांग.

एकटीनं खोटं बोलून दमलेली,
तुझी आई