कावळ्याचं कडं

३ फेब्रुवारी, मंगळवार
डोरीन आली एकदाची. कॅनडाच्या पार पश्चिमेच्या एका बेटावरून थेट एडिनबरात, दुखरे गुडघे घेऊन. ती क्वाक्वाक्यवाक्व, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. (हे नाव मी आठवडाभर बसमध्ये पुटपुटत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.) तिचे पणजोबा लाकूड कोरायचे, चांदीची कडी करायचे. मग आजोबा, मग आई, आता ही. पणजोबांचं एक कडं आमच्या म्युझियमच्या स्टोअरमध्ये आहे. चांदीची नाणी ठोकून केलेलं, त्यावर कोरलेला कावळा. मेटल कॉन्झर्व्हेटर, म्हणजे धातूच्या जुन्या वस्तू जपणारी, म्हणून ते माझ्या ताब्यात. (बाबा अजून विचारतात, "म्हणजे भांडी घासतेस ना?")

ग्लोव्ह्ज घालून तिने कडं हातात घेतलं. आतून बघितलं, बाहेरून बघितलं. मग म्हणाली, "मला हे घालायचंय. एकदाच."

फिओना, आमची क्युरेटर, म्हणजे माझी बॉस, म्हणाली, सॉरी. कड्याच्या मधोमध केसाएवढा तडा आहे. घालताना फाकवलं तर मोडेल. खरं आहे. तड्याचा रिपोर्ट माझाच. आणि उन्हाळ्यात नवी गॅलरी उघडली की कडं काचेत बंद. डोरीन पुढच्या शनिवारी परत जाणार.

४ फेब्रु., बुधवार
डोक्यातून जात नाही. डोरीनचं तोंड आठवतं आणि राग येतो, कोणावर ते कळत नाही.

बसमध्ये सुचलं. फाकवायचंच कशाला? लग्नात कासारणीने माझ्या या फावड्यासारख्या हातात हिरवा चुडा भरला होता. काच काय फाकते? हात लहान करायचा असतो. अंगठा आत, सांधे चोळून सैल, मग हळूहळू ढकलायचं.

फि.ला सांगितलं. तिने डोळे बारीक केले. वाईट बाई नाही ती, पण काही मोडलं तर उत्तर तिलाच द्यायचंय. म्हणाली, "आधी दुसऱ्या कशावर तरी करून दाखव."

दाखवते.

६ फेब्रु., शुक्रवार
कड्याच्या मापाची तांब्याची पट्टी कापली, वळवली, बाबांच्या जुन्या हातोडीने मठारली. बेंचवर तो आवाज झाला आणि क्षणभर पुण्यात, तांबट आळीत. दुकानात हातोडी दादाच्या हातात दिली होती, मी उंबऱ्यावर बसून बघायचे. दादा आता हिंजवडीत कोडिंग करतो. डोरीनच्या घरात चार पिढ्या, आमचं बाबांवर संपलं. हेवा वाटतो तिचा. लिहून टाकलं, बरं वाटलं.

बाबांना फोन.
"कावळा? हातात कावळा घालतात?"
"त्यांच्यात कावळ्याला मान असतो, बाबा."
"आपल्यात पण असतो की. पितृपक्षापुरता."

ठोकून झालं तरी हात शिवशिवत होते. फोटोत बघून कावळ्याचा डोळा कोरला त्या तांब्यावर. एकच डोळा. छान आला.

९ फेब्रु., सोमवार
घोळ केला.

डोरीनला मापाचं कडं कौतुकाने दाखवायला गेले. तिने ते फिरवलं, डोळ्यापाशी थांबली.
"हा तुला कोणी दिला?"
"फोटोवरून केला."
"तसं नाही विचारलं मी."

मग शांतपणे सांगितलं. हा कावळा तिच्या घराण्याचा. आजोबांनी तो तिला दिला, सगळ्या गावाला जेवायला बोलावून, सगळ्यांसमोर. आणि आलेल्या प्रत्येकाला भेट दिली. ती भेट म्हणजे बघण्याची मजुरी. ज्याने घेतली त्याने जे बघितलं ते लक्षात ठेवायचं, कोणी शंका काढली तर उभं राहून सांगायचं.

मी उखडले. म्हटलं, आमच्या आळीत एकाने नवा घाट काढला की दुसऱ्या दिवशी चार दुकानांत तोच, कोणाला वाईट वाटत नाही. आणि हा नुसता ट्रायल पीस आहे!
ती म्हणाली, "तुझ्या बाबांना वाईट वाटलं नाही कधी? विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

१० फेब्रु., मंगळवार
सकाळी बाबांना विचारलं. त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग, "त्या कमळाच्या बंबाचं वाटलं होतं." बस्, एवढंच. मला आजवर माहीत नव्हतं की कमळाचा बंब मूळचा त्यांचा.

लॅबमध्ये जाऊन डोळा ठोकून बुजवला. कोरायला वेळ लागला होता, बुजवायला काहीच नाही. डोरीनसमोर कोरं कडं ठेवलं, सॉरी म्हटलं. तिने ते उजेडात धरून तपासलं, नीट तपासलं, आणि हात पुढे केला. "चल, घाल."

नाही गेलं. आयुष्यभर छिन्नी धरून तिची बोटं माझ्याहून जाड. पेरांपाशी अडलं. फि. बघत होती. "उद्या परत," मी म्हटलं. माझाच आवाज मला भांडल्यासारखा वाटला.

११ फेब्रु., बुधवार
सुपरमार्केटची भाजीची पातळ पिशवी! आई घट्ट बांगड्या तशाच चढवायची. पिशवीत हात, अंगठा आत, सांधे चोळत चोळत.
"तू माझी हाडं मोडणार आहेस."
"हाडं जुळतात. चांदी जुळत नाही. हात सैल सोडा."
गेलं! आणि तसंच बाहेरही आलं. फि.ने स्वतःच्या हातावर करायला लावलं, मग पुन्हा डोरीनच्या. शेवटी म्हणाली, "शुक्रवारी. खरं कडं. तू एकटीनेच हात लावायचा."

१३ फेब्रु., शुक्रवार
आधी मायक्रोस्कोपखाली तडा पाहिला, फोटो काढले. मग पिशवी, अंगठा, चोळणं. पेरांपाशी थांबलं. डोरीनने डोळे मिटले, हात सैल सोडला, आणि कडं मनगटावर गेलं.

तिने मनगट उजेडाकडे वळवलं. मग तिच्या भाषेत एकेक नाव घेत गेली. मला फक्त शेवटचं कळलं, तिचं स्वतःचं. फि. घड्याळाकडे बघायची विसरली. मी रडले, उगाच नाक पुसत राहिले.

काढायचं कामही माझंच. तिने न सांगता हात पुढे केला. मला नव्हतं काढायचं. काढलं. परत मायक्रोस्कोप: तडा होता तेवढाच.

निघताना तिने आम्हा दोघींना भेट दिली. फि.ला जॅमची बाटली. मला टॉवेल, किचनमधला, निळ्या चौकटीचा. म्हणाली, "तुला आता मजुरी मिळाली."
मी हसले. ती नाही हसली.

१६ मार्च, सोमवार
डोरीनच्या घरच्यांनी कडं परत मागितलंय. नुसतं ठेवायला नाही, समारंभात घालायला.

फि.ने कॉफीला नेलं. ट्रस्टी माझा रिपोर्ट मागणार: कडं प्रवास सोसेल का, घालता येईल का. ती म्हणाली, "तडा तर आहेच ना. तेवढंच लिही. मग नकार आपोआप येईल, कोणाला वाईट ठरवायला नको." मग कप फिरवत, "तुझं कॉन्ट्रॅक्टही जूनमध्ये संपतंय."
धमकी नव्हती. काळजीच होती, म्हणून जास्त लागलं.

२४ मार्च, मंगळवार
उद्या ट्रस्टींची मीटिंग. माझा नवरा मंदार म्हणाला, "तुला नोकरी टिकवायचीय ना?" हो, टिकवायचीय. घराचे हप्ते मलाही माहीत आहेत.

रिपोर्टमध्ये तडा लिहिलाय, लांबी-रुंदीसकट. कडं कधीच फाकवू नये, हेही. खाली लिहिलं की न फाकवता ते घालता येतं, काढता येतं, मी स्वतः डोरीनच्या हातात घातलंय आणि तडा वाढलेला नाही. कसं घालायचं तेही, पिशवीसकट. फि.ने वाचून फक्त विचारलं, "तोंडीही सांगणार आहेस हे?"

मंदारने हात पुसायला तो निळा टॉवेल ओढला. मी हिसकावून घेतला. "अगं, टॉवेल आहे तो!"

धुऊन, इस्त्री करून बॅगेत ठेवलाय. काय होईल माहीत नाही. पण आमच्या आळीत आगाऊ मजुरी घेऊन काम टाकून उठलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही, आणि मी ती घेतलीय.