रोलरची दांडी

शनिवार, चौदा मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळे ठीक. लॉण्ड्रीच्या एकाच इमारतीत तू वर बसतोस, मी खाली रजिस्टरांच्या खोलीत, तरी पत्र लिहिते आहे. कारण मंगळवारच्या अपघातापासून मी जिन्यात दिसले की तू फोन कानाला लावतोस. तो वाजलेला नसतो.

आईची कोळशाची इस्त्री आठवते? तू पाच वर्षांचा होतास, मी कॉन्व्हेंटचा गणवेश घडी करून ठेवत होते. तू इस्त्रीकडे हात नेलास. आई ओरडली नाही. तिने तुझा तळवा धरून इस्त्रीपासून वीतभर अंतरावर नेला. "इथून पुढे नाही." एवढेच म्हणाली. जन्मात तुला चटका बसला नाही. नंतर तू ऐटीत माझ्या घडी केलेल्या फ्रॉकवर जाऊन बसलास, आणि मला तेही गोड वाटले होते.

त्या आईच्या पोटी चाळीस स्लाइड दाखवणारा सुरक्षा अधिकारी कसा निपजला, देव जाणे.

तुझा तो सुरक्षा सप्ताह! हॉस्पिटलच्या चादरी आठ तास इस्त्री करून पाय सुजलेल्या बायका तू अंधाऱ्या हॉलमध्ये बसवल्यास. पडद्यावर बाण, वर्तुळे, आणि हेल्मेट घातलेली गोरीपान हसरी माणसे. आपल्याकडे हेल्मेट कोणी घालते का? घोषवाक्य स्पर्धेचे पहिले बक्षीस छत्री, आणि ते तुझ्याच टायपिस्टला. बायका छातीवर बिल्ले लावून परत इस्त्रीच्या रोलरवर गेल्या. बिल्ल्याची पिन चादरीत अडकते, हेही तुला कोणी सांगितले नाही, कारण तू कोणाला विचारलेच नाहीस.

तू रोलरजवळ फारसा जात नाहीस, तेथे उकडते, म्हणून लिहिते. तापलेल्या रोलरच्या तोंडाशी एक दांडी आहे. बोट लागले की मशीन थांबते. पण चादरीची जाड किनार लागली तरी थांबते, आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ जातो. म्हणून बायका फाटक्या चादरीच्या चिंधीने ती दांडी वर बांधून ठेवतात. छान फुलाची गाठ मारतात. सुपरवायझर रोज ती गाठ पाहतो.

हॉलमध्ये ते विचारले होते तिने. जिला सगळ्या 'रेडिओ' म्हणतात, तिने. "साहेब, दांडी बांधली नाही तर दिवसाच्या चारशे चादरी व्हायच्या कशा?"

तू म्हणालास, "प्रश्न शेवटी."

शेवटी चहा झाला.

आता सोमवारच्या चौकशीसाठी तुला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत: प्रशिक्षणाचे रजिस्टर, आणि 'मी सर्व सूचना प्रत्यक्ष वाचून समजावल्या' असा माझ्या सुंदर अक्षरातला कागद. म्हणजे रेडिओची तीन बोटे तिच्याच आडमुठेपणाने गेली असे ठरेल, तिला घरी बसवता येईल, आणि तुझी खुर्ची जागच्या जागी राहील. "ताई, सही तिचीच आहे ना?" असे तू शिपायाकरवी विचारलेस. शिपायाकरवी!

सही तिचीच आहे. ती कशी झाली ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्या दिवशी रजिस्टर घेऊन मी चहाच्या रांगेपाशी बसले होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अक्षरासाठी तीनदा बक्षीस दिलेली मी, समास आखून, रकाने काढून. रेडिओची पाळी आली. ओल्या हातात कप. पानाकडे बघत म्हणाली, "बाई, दांडीचं यात काय लिहिलंय? जरा वाचा ना."

वर लिहिलेल्या सूचनांच्या तिसऱ्या ओळीत होते. 'दांडी कोणत्याही कारणाने बांधू नये.' पाच शब्द. वाचायला किती वेळ लागला असता?

मी म्हटले, "हात पूस आधी. पान मळेल."

तिने लगबगीने पदराला हात पुसला, सही केली, आणि वर "थँक्यू बाई" म्हणाली. काल हॉस्पिटलमध्ये तिने तोच हात पांघरुणाखाली लपवला. मला संकोच नको म्हणून. तू आणि मी मिळून तिच्या पासंगालाही पुरणार नाही, धाकट्या. तू निदान मूर्ख आहेस. मला सगळे माहीत होते.

तेव्हा आता नीट वाच.

रजिस्टर तुला मिळणार नाही. ते, आणि माझा खरा जबाब, चौकशी अधिकारी बाईंना मी सोमवारी सकाळी हातात देणार आहे. रोलरवरून सोडून घेतलेली चिंधीही त्यांनाच. माझा राजीनामा मोठ्या साहेबांकडे. कपाटाच्या किल्ल्या त्याच पाकिटात आहेत. खुर्चीवरची उशी चहावाल्या मावशींना, त्यांची कंबर दुखते. माझी खालची खोली रेडिओला मिळावी असे मी जबाबातच लिहिले आहे: नव्या बायकांना मशीनपाशी उभे करून तिनेच शिकवावे. बिल्ल्यांचा खोका तुझा, ठेव जपून.

जबाबाची एक प्रत सोबत तुझ्यासाठी आहे. त्यात तुझे नाव एकदा आले आहे, माझे चारदा. खोडायचे असेल तर सोमवारी सगळ्यांसमोर उभा राहून खोड.

तू राखशील तर तुझीच,
ताई