माझंच मानपत्र

सोमवार, ११ नोव्हेंबर १९८५
बड्या बहनजींनी ऑफिसात बोलावलं. वाटलं पेन्शनचे कागद आले. तर बाई नुसत्या पेपरवेट फिरवत बसलेल्या. हेडमिस्ट्रेस असून लाजत होत्या. मग म्हणे, "तीस को आपकी बिदाई है। मानपत्र तो... आपके जैसा हाथ किसका है?"
म्हणजे माझं मानपत्र मीच लिहायचं! हसू आलं, मग रागही आला. एकतीस वर्षं इथून जी जी रिटायर झाली तिचं मानपत्र माझ्या बोरूनं, मजकूरही माझाच. माझी वेळ आली तर कोणाला चार ओळी सुचू नयेत? तोंडावर मात्र "हौ, लिहिते" म्हणून आले. मूर्ख आहे मी.
हे घरी पोट धरून हसले. "सोताची तारीफ हाय, मोठी फ्रेम घे."

बुधवार, १३
ड्रॉइंगची शीट टाचली, पेन्सिलनं रेघा मारल्या, बोरू तासला. 'आदरणीया' झोकात आलं. पुढं नेहमीचं. मृदुभाषी, कर्तव्यनिष्ठ, ममतामयी.
मृदुभाषी! मी! पोरी मागून मला 'फटाका बहनजी' म्हणतात, माहीत नाही का मला. हे मोठ्यानं वाचलं तर सातवी ब आधी हसेल.
मग खरी लाज वाटली. हेच तीन शब्द मी सगळ्यांना लावले. चौथ्या तासाला डुलक्या घेणाऱ्या पटले बहनजी कर्तव्यनिष्ठ. नाव तेवढं बदलायचं. अक्षरात जीव ओतला, माणूस पाहिलंच नाही.
बोरू धुऊन ठेवला. 'आदरणीया'च्या पुढं सरकत नाही.

रविवार, १७
सकाळच्या बसनं किरनापूर, कुसुमकडे. शीट गुंडाळून सोबत नेली, दोघी मिळून काही सुचेल म्हणून. तीन वर्षं झाली तिला रिटायर होऊन. त्याआधी सव्वीस वर्षं एका डब्यात जेवलो.
तिच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, मी लिहिलेलं मानपत्र! वर चंदनाचा हार. बोलून गेले, "काहून लावलं व हे? सगळ्यायले सारखंच लिहिते मी." तोंड आवरत नाही माझं.
कुसुमनं हार सरळ केला. मग म्हणे, "माहीत हाय. पटले बहनजीच्या घरीबी तेच वाचलं. पण तू मले मृदुभाषी लिहिलं न, तवापासून सुनेवर ओरडाले लागली का तिकडं नजर जाते, अन् आवाज आपोआप खाली येते."
आतून सून ओरडली, "खरं हाय, बहनजी!"
मला रडूच आलं. म्हटलं, माझं तू लिही.
"माहं अक्षर पाह्यलं का? कोंबडी चालल्यावानी."
"पाह्यलं. चालते मले."
"मंग खरं लिहीन बरं."
हौ म्हटलं. शीट तिच्याकडे देऊन आले. बसमध्ये बसल्यावर आठवलं, नंदाची गोष्ट हिला माहीत आहे. आता हिला एकटीलाच. यांनाही नाही.

शुक्रवार, २२
कुसुमचा निरोप नाही. फ्रेम आणली. बड्या बहनजी रोज विचारतात, "बन गया?" मी म्हणते, बन रहा है.
लिहील का ती? भर सभेत, पोरींसमोर? एकदा वाटतं जाऊन शीट परत आणावी. एकदा वाटतं, लिहू दे...

शनिवार, ३०
झालं. थकले, पण लिहूनच झोपते.
कुसुम बसमधून उतरून थेट सभेत, हातात पेपरात गुंडाळलेली शीट. बड्या बहनजी वाचायला लागल्या. हिंदीवाल्या बाईंना मराठी, त्यात ते अक्षर! दुसऱ्या शब्दालाच अडल्या. कुसुमनं सरळ कागद काढून घेतला.
"आदरणीया. हे तिनंच लिहिलं. पुढचं माहं." पोरी खिदळल्या.
"हिचा आवाज बसस्टँडवर आयकू येते." आणखी हसू. मग तिनं ते नंदाचं वाचलंच. "हिनं एका पोरीले भर वर्गात ढ म्हटलं. पोरगी शाळेत येईना. ही नऊ दिवस, शाळा सुटली का, तिच्या दारात जाऊन बसे. दहाव्या दिवशी पोरगी आली. तवापासून तो शब्द हिच्या तोंडून मी आयकला नाही. बाजूच्या वर्गात होती मी, कान देऊन."
मी जमिनीकडे पाहत होते. सातवी 'ब'ची एक पोर पहिल्यांदा टाळी वाजवायला लागली, मग सगळ्या. हे शेवटच्या रांगेत उभे राहिलेले दिसले. मला कुसुमचा इतका राग आला होता, आणि इतकी माया.
घरी येऊन शीट उघडली. अर्धी कोरी! वाटलं बसच्या घाईत राहिलं. खाली पेन्सिलनं बारीक: "जागा मुद्दाम ठेवली. रिटायर होऊन काय करते ते पाहीन, मंग उरलेलं लिहीन. काचेत घालू नको."
हे म्हणे, "मंग फ्रेमचं काय?"
रिकामीच खिळ्याला लावली. शीट बोरूजवळ ठेवली आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या घंटेला, काय करायचं, अजून काही सुचलेलं नाही.