गल्लीभर वाटलेलं कंबरडं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डाग! माझ्या कमरेच्या हाडात डाग!

गेले होते किडनी द्यायची म्हणून तपासायला. किडन्या दोन्ही झकास. रक्त जुळलं. आणि त्याच स्कॅनमध्ये रिपोर्टवाल्याला हाडात काहीतरी दिसलं. ‘लिजन’ असा शब्द आहे. ह्यांनी पार्किंगमध्येच मोबाईलवर शोधलं, कॅन्सरपर्यंत पोचले आणि तोंड पाडून बसले. म्हटलं, बंद करा ते!

शेखरचं ऑपरेशन २७ला ठरलंय. आईला शुगर, त्याच्या बायकोचा, वैष्णवीचा, रक्तगट जुळत नाही. धाकट्या भावाला द्यायला मीच एकटी उरलेय. मीच नापास झाले तर?

४ फेब्रुवारी

कंपनीत गेले. अंबडला दिवसभर माझं कामच ते – पार्टवर डाग दिसला की रिजेक्टच्या ट्रेमध्ये. आज एक उचलला आणि हात थांबला. मग टाकला. कस्टमरला डाग चालत नाही.

शेखरला अजून सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टर देवमाणूस. स्क्रीन माझ्याकडे फिरवून समजावलं. हाडाच्या आत जाळी असते, तिच्यात कधीकधी घट्ट हाडाचाच एक ठिपका राहून जातो. उकडीत गुठळी राहते तसा. ‘बोन आयलंड’ म्हणतात. पुष्कळांना असतो. दुखत नाही, कळत नाही, दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला की सापडतो. औषध नाही, हात लावायचा नाही.

“मग झालं की!” मी म्हटलं.

“नुसत्या तुमच्यापुरतं असतं तर आत्ताच घरी पाठवलं असतं. पण तुमची किडनी दुसऱ्याच्या अंगात जाणार. शंकेला जागा नको. जुना एक्स-रे आहे का? तेव्हाही एवढाच असेल तर विषय संपला.” नाहीतर आणखी तपासण्या. म्हणजे तारीख गेलीच. आणि डायलिसिसने शेखर किती वाळलाय!

मी टुणकन उठले. आहे ना! २०१६ला पाथर्डी फाट्यावर गाडीवरून पडले होते, तेव्हा कमरेचाच काढला होता!

घरी येऊन कपाट उपसलं. हे दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “अगं… ते ग्रहण.”

२०१९चं सूर्यग्रहण! ह्यांनी माझ्या एक्स-रेचे तुकडे करून गल्लीत वाटले होते, सगळ्यांना बघता यावं म्हणून. (डोळ्यांना वाईट असतं म्हणे ते. तेव्हा कुणाला अक्कल होती!) मीच तिथे उभी राहून हसत होते. आज मात्र अशी ओरडले, की ह्यांनी चहासुद्धा मागितला नाही.

६ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. आमचा स्वतःचा तुकडा माळ्यावर सापडला – नाव आहे, तारीख आहे, डागाची जागाच नाही! दारोदार फिरले. “ताई, ते कधीच कचऱ्यात गेलं.” शेजारच्या रेहानाभाभींनी ऐकलं मात्र, ओढणी घेऊन निघाल्याच. “मेरा तो बच्चों ने फाड डाला. पर चल, मी येते तुझ्याबरोबर. एक घर सोडायचं नाही.”

गल्लीच्या टोकाच्या पुंजाअण्णांनी दारातच डोक्याला हात लावला. “आरं देवा! ते मोरीच्या खिडकीला हाय. काच फुटली व्हती, लावलं चिकटवून.”

काळा तुकडा, चारी बाजूंनी टेप! अण्णा सत्तरीचे, तरी स्टुलावर स्वतःच चढले. “हाड तुझं आसंल, पर खिडकी माझी हाय.” हळूहळू सोडवत म्हणाले, “म्हंजी मी इतकी वर्षं तुझ्या कमरंच्या उजेडात आंघोळ करतोय व्हय गं?” रेहानाभाभी भिंत धरून हसल्या. मीही. चार दिवसांत पहिल्यांदा.

माणसं किती चांगली आहेत. रोज दिसतात म्हणून आपण बघतच नाही.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दोन्ही तुकडे दिव्याच्या पेटीवर लावले. ह्यांची कात्री कधी सरळ चालत नाही – त्या वेड्यावाकड्या कडा बरोब्बर जुळल्या, म्हणजे एक्स-रे माझाच! आणि अण्णांच्या तुकड्यात तो होता. ठिपका. मोजला. तेवढाच! नऊ वर्षांत जागचा हलला नाही, तसूभर वाढला नाही. “हा तुमच्याबरोबर म्हातारा होणार,” डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर बसून मनसोक्त रडले. देवाचे आभार, अण्णांचे आभार, ह्यांच्या वाकड्या कात्रीचेसुद्धा!

मग शेखरला सगळं सांगितलं. तो हसला नाही. “ताई, तू नापास झाली असतीस तर बरं झालं असतं. तुला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?”

“दाखवायला तोंड शिल्लक राहावं म्हणूनच देतेय,” म्हटलं. त्याने हात घट्ट धरला. किती थंड हात!

२६ फेब्रुवारी

ॲडमिट. महाशिवरात्रीचा उपास आपोआपच घडला. ह्यांनी अण्णांच्या खिडकीला नवी काच बसवून दिली. भीती वाटतेय. पण द्यायला आपल्याजवळ काही आहे, हे केवढं मोठं भाग्य.

२८ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. टाके ओढतात. वैष्णवी धावत आली, रडत-हसत माझ्या पायांना मिठीच मारली. शेवटी नर्सनेच सांगितलं. दोन वर्षं थेंब नव्हता – शेखरला लघवी होतेय! एक पिशवी भरली, दुसरी लावली.