बार, सीट आणि बाबांचे गुडघे

४ मार्च, शनिवार

आज मी गाडी चालवली! रोजची नव्हे, बाबांची. रेसची!

सरावाच्या फेऱ्या होत्या. दोन गाड्या शेजारी, समोर सरळ पट्टी, दिवा हिरवा झाला की सुटायचं — एवढंच. पण दिवा हिरवा झाला तरी बाबा आपले विचारात. शेजारची गाडी निम्म्यावर गेली तेव्हा निघाले. दुसऱ्या फेरीलाही तेच. मग उतरले, हेल्मेट माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, जा, एकदा जाऊन ये, गिअर नीट पडतात का बघ. मी सीट पार पुढे ओढली (उंची आईकडून, नाक बाबांकडून, म्हणजे दोन्हीकडून तोटाच) आणि गेले.

गिअर नीट पडत होते. इतके नीट, की फलकावर साडेअकरा सेकंदांच्या आतला आकडा लागला! बाबा कधी बाराच्या आत आलेले नाहीत. बहुतेक वारा मागून असावा.

लगेच फूटपट्टीसाहेब हजर. ते गाड्या तपासतात आणि खिशात कायम स्टीलची पट्टी बाळगतात. म्हणाले, साडेअकराच्या आत पळणाऱ्या गाडीला रोल बार पाहिजेच. म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे पोलादी पाइपची कमान — गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून. 'एक तर बार लावा, नाहीतर हळू चालवा,' असं सांगून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आपले सुखाने बारा-साडेबारात पळत होते, आणि मी एका फेरीत हे लचांड गळ्यात अडकवलं. ते मात्र घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

५ मार्च, रविवार

कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. मला परत चालवायची आहे. काल रात्रीपासून डोक्यात दुसरं काही नाही. पण गाडी बाबांची. एवढा एकच नाद त्यांना, तोही मी मागून घेऊ? छे!

११ मार्च, शनिवार

बार लावायचाच, असं बाबांनी ठरवलं. मी म्हटलं, अहो, हळू चालवा ना, तुमचा आकडा कुठे एवढा खाली येतो! हे जरा जास्तच झालं. पण बाबा रागावले नाहीत. त्यांना या वयात आणखी जोरात पळायचंय की काय?

कमानीसाठी मागची सीट काढावी लागली. आईने ती लगेच व्हरांड्यात मांडली आणि तिच्यावर बसून मटार सोलले. म्हणते, या गाडीने इतक्या वर्षांत घरासाठी केलेली ही पहिली चांगली गोष्ट.

१२ मार्च, रविवार

वेल्डरकाका आले. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, एरवी लोकांची फाटकं-जाळ्या बनवतात. पाइप वाकवून आणला होता. कमान हेल्मेटच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर यावी लागते, म्हणून कुणीतरी हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसायला हवं. बाबा म्हणाले, माझे हात गुंतलेत, तू बस.

बसले. नाकाला खाज सुटली तरी हलायची सोय नाही! दोघे मागे टेप धरून वाद घालत होते आणि मी पुढे बडबडत होते. पाय पोचतात का, असं बाबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझ्या पायांचं काय घेऊन बसलात!

१५ मार्च, बुधवार

वेल्डिंग झालं. कमान तळाशी पक्की बसली. मागून दोन तिरपे आधार, दाराशी एक आडवा पाइप. मला रंगकाम दिलं. केसांत अजून काळा रंग आहे. कामावर, चष्म्याच्या दुकानात, एका आजोबांचा नंबर तपासताना त्यांनीच मला विचारलं, बाई, तुमच्या डोक्याला काय झालं?

१८ मार्च, शनिवार

घोटाळा झालाय. मोठा.

बाबा गाडी बाहेर काढायला बसले आणि त्यांचे गुडघे थेट स्टिअरिंगला! सीट मागे सरकेचना, सरकणार कुठे, मागे कमान. आता सगळं लक्षात आलं. माप घेताना मी बसले होते, सीट माझ्यासाठी पुढे ओढलेली होती, आणि हे दोन म्हातारे ती मागे घ्यायलाच विसरले! बार बसलाय तो माझ्या सीटच्या मागे. बाबा घडी घातल्यासारखे आत बसले, गाडी बाहेर काढली, उतरले आणि म्हणाले, झकास.

झकास?

बाबांचं माप कधी चुकत नाही. साधा खिळा ठोकायचा तरी तीनदा मोजणारा माणूस! दिव्याला उशीर, मापात चूक... बाबा म्हातारे होतायत. हे लिहितानाही रडू येतंय.

१९ मार्च, रविवार

बाबांना दुकानात नेलं. नवीन मशिन आलंय, सरावासाठी कुणीतरी हवंय, अशी थाप मारली. नंबर तोच. डोळे ठीक आहेत.

मग एकटीच वेल्डरकाकांकडे गेले. कमान कापून मागे घेता येईल का? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, 'बार जिथे हवा तिथेच आहे. तू तुझ्या बापाशी बोल.' आणि पुन्हा ठिणग्या उडवायला लागले. स्वतःची चूक कोण कबूल करतं!

बाबांशी काय बोलू? त्यांना त्यांची चूक मी दाखवायची? माझ्याने होणार नाही. पण पुढच्या रविवारी तपासणीत फूटपट्टीसाहेबांनी सगळ्यांसमोर दाखवली तर? बाबा पुन्हा रेसच्या पट्टीवर पाऊल ठेवणार नाहीत, मी ओळखून आहे.

२२ मार्च, बुधवार

उपाय सापडला! सीटच्या पाठीतला फोम. खोळ उसवली, सगळा फोम उपसून काढला, खोळ पुन्हा शिवली. बाबा चार बोटं मागे टेकतील, गुडघे सुटतील. टाके वाकडे आलेत, पण तपासणीत टाके कोण बघतो?

फोम माझ्या कपाटात लपवलाय. सुगावा कुणाला नाही.

२४ मार्च, शुक्रवार

सुगावा आईला. कपाट उघडताच फोम तिच्या अंगावर आला. मी सगळं सांगून टाकलं — बाबांची चूक, त्यांना कळू द्यायचं नाही, सगळं. आई इतकी हसली की खाली बसावं लागलं. नवऱ्याचं वय झालं यात हसण्यासारखं काय आहे? वर मला म्हणते, तुझ्या बापाला सांगणार नाही, जा.

२५ मार्च, शनिवार

उद्या तपासणी. बाबा अजून एकदाही सीटवर बसून बघत नाहीत. हेल्मेट मात्र पुसून ठेवलंय.

२६ मार्च, रविवार

फूटपट्टीसाहेबांनी पाइप ठोकून बघितला, जोड बघितले, खिशातून पट्टी काढली आणि म्हणाले, ड्रायव्हर, बसा. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी दार उघडून धरलं आणि हेल्मेट माझ्यापुढे केलं.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही...

'मी चालवणार असतो तर बार कशाला लावला असता? मी कधी बाराच्या आत आलोय?'

मी हेल्मेट घातलं. बसले. पाय बरोबर पोचले. हेल्मेटच्या मागे पट्टी धरून साहेब म्हणाले, पास.

पाठीला मात्र सीटची लोखंडी पट्टी टोचत होती. तेवढ्यात आई पिशवीतून फोम घेऊन आली.